साठ दिवसांची भिंत

मुलींच्या शाळेचा नकाशा धाकटीने काढला आणि भिंती थोरल्याने उभ्या केल्या. दोघं सख्खी भावंडं. वडील गवंडी होते. ते गेल्यावर थोरल्याने शाळा सोडून थापी हातात घेतली, म्हणून धाकटीला शिकून आर्किटेक्ट होता आलं. हे तिला कुणी ऐकवत नसे, थोरला तर कधीच नाही. पण तिच्या ऑफिसात येताना तो चपला दाराबाहेर काढायचा, आणि ते पाहिलं की तिला कसंनुसं व्हायचं.

शाळेच्या संस्थेला वीज-पाणी कमी लागेल अशी इमारत हवी होती. धाकटी एक पाऊल पुढे गेली. "मुलांना इमारतीतूनच शिकता आलं पाहिजे," ती सभेत म्हणाली. पाण्याचे नळ भिंतीत गाडायचे नाहीत, उघडे ठेवून रंगवायचे. वापरलेलं पाणी बागेत कसं जातं ते पोरांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे. छतावरचं पाणी साठवायच्या टाकीला काचेची पट्टी, म्हणजे पातळी रोज मोजता येईल. आणि वर्ग पंख्याशिवाय थंड राहावेत म्हणून हातभर जाडीच्या मातीच्या भिंती.

"मातीच्या?" अध्यक्षांनी चष्मा वर सरकवला. "म्हणजे पोरं गणिताला कंटाळली की भिंत उकरून पळून जातील."

सगळे हसले, पण नकाशा मंजूर झाला.

थोरल्याने मनापासून काम केलं. फळ्यांच्या साच्यात ओलसर माती ओतायची, दांड्याच्या जड लोखंडी धुम्मसाने ठोकायची, साचा वर सरकवायचा, पुन्हा ठोकायची. धुम्मसाचा आवाज बद्द यायचा थांबून टण्ण येऊ लागला की थर बसला. हे त्याला कुठल्या यंत्राने सांगावं लागत नसे.

शेवटची भिंत सातवीच्या वर्गाची, पश्चिमेकडची. ती पुरी होते न होते तोच अध्यक्षांचा फोन आला. उद्घाटनाला येणाऱ्या पाहुण्यांनी तारीख दिली होती. त्याआधी छत हवंच.

"साठ दिवस," थोरला म्हणाला. "आतून वाळायला माती साठ दिवस घेते. ती काय माझं ऐकते, की तुझ्या अध्यक्षांचं?"

"अरे दादा, खडखडीत वाळलेली दिसतेय."

"वरून माणूसही ठीकठाकच दिसतो."

अध्यक्षांना नाही म्हणायचं तर त्यांच्या पुढच्या दोन इमारतींवर पाणी सोडायचं, हे धाकटीच्या डोक्यात होतं. चोविसाव्या दिवशी तिने छत चढवायच्या परवानगीवर सही केली.

"तू म्हणतेस तर चढवतो," थोरला म्हणाला, आणि तुळया त्याने स्वतः उभं राहून बसवून घेतल्या.

उद्घाटनानंतर महिन्याभरात खिडकीच्या कोपऱ्यातून तडा निघाला आणि तिरका वर चढत गेला. त्यात बोट जाईल एवढा झाला तेव्हा आईबाप घाबरले. वर्ग रिकामा करून मुलींना व्हरांड्यात बसवलं. विज्ञानाच्या बाईंनी मात्र थोरल्याला बोलावलं आणि भिंत अजून हलतेय का हे कसं ओळखायचं ते मुलींना दाखवायला सांगितलं. त्याने तड्यावर आडवी, पातळ काचेची पट्टी दोन्ही टोकांना पक्की चिकटवली.

"काच फुटली तर भिंत अजून हलतेय. शाबूत राहिली तर बसली," तो म्हणाला.

मुली रोज दाराबाहेरून काच बघायच्या आणि वहीत लिहायच्या. पहिली पट्टी चौथ्या दिवशी फुटली, दुसरी बाराव्या. तिसरी टिकली. आठवडा झाला, दोन झाले, सहा झाले. तिला साधी चीरही नव्हती. माती वाळली होती, आक्रसायची तेवढी आक्रसली होती आणि थांबली होती. तडा भरून घेतला की काम झालं असतं.

भिंत ठेवायची की पाडायची हे ठरवायला संस्थेची सभा होती, त्या दुपारी बाईंनी वही धाकटीच्या हातात दिली. "मॅडम, हे दाखवा. आमचं कोण ऐकतंय? तुमचं ऐकतील."

धाकटीने व्हरांड्यातच वही उघडली. पहिल्याच पानावर गोल, टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: 'भिंत पुरी झाल्यावर चोविसाव्या दिवशी छत चढलं. गवंडीकाकांनी साठ दिवस सांगितले होते. मग छत लवकर का चढलं? आर्किटेक्टबाईंना विचारायचं.'

तिने वही बंद केली आणि पर्समध्ये ठेवली.

सभेत पालक तावातावाने बोलले. शेवटी अध्यक्षांनी तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही सांगा. चूक कुठे झाली?"

थोरला मागे दाराशी उभा होता. तिला तो दिसत होता.

"मातीच्या कामाचं असंच असतं," ती म्हणाली. "सगळं करणाऱ्याच्या हातावर."

एवढंच. कुणाचं नाव तिने घेतलं नाही, आणि घ्यायची गरजही उरली नाही. सगळ्या माना दाराकडे वळल्या. थोरला खाली बघत होता. मग तो शांतपणे बाहेर गेला.

पुढच्याच आठवड्यात भिंत पाडली. यंत्राच्या पहिल्या तीन धक्क्यांना तर ती हललीही नाही. ऑपरेटरने वैतागून खाली उतरून बघितलं, पुन्हा वर चढला आणि बाजूने घाव घातला. विज्ञानाच्या बाई मुलींना घेऊन लांब उभ्या होत्या. धाकटीही आली होती; तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.

थोरल्याला त्यानंतर मातीचं काम कुणी दिलं नाही. महिन्याभराने ती त्याच्या घरी गेली. वहिनीने दार उघडलं, पाणी दिलं आणि एक शब्द न बोलता आत गेली.

"दादा, मुलींची वही माझ्याकडे होती. मी दाखवली नाही."

"माहीत आहे. पहिलं पान मीच सांगितलं त्यांना. त्या विचारत होत्या, मी खरं ते बोललो. तुझ्यावर येईल हे नंतर डोक्यात आलं."

"मग तू सभेत का नाही बोललास?"

"तू बोलली होतीस ना. तुझ्यानंतर मी काय बोलू?"

ती रडली. त्याने तिला गप्प केलं नाही, उठूनही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने संस्थेला पत्र लिहिलं, सहीचं, साठ दिवसांचं, सगळं. अध्यक्षांनी तिला बोलावून ते तिच्यापुढे परत धरलं. "भिंत गेली, विषय संपला. कशाला स्वतःच्या हाताने नाव घालवून घेता?" तिने पत्र घेतलं नाही, टेबलावर ठेवून आली. त्याचं पुढे काय झालं ते तिला कधी कळलं नाही. सातवीचा वर्ग सिमेंटच्या ठोकळ्यांचा झाला आणि उन्हाळ्यात दुपारी तिथे कुणाला बसवेना.

थोरला आता एका ठेकेदाराकडे तेच ठोकळे रचतो. धाकटीशी बोलतो, तिची ख्यालीखुशाली विचारतो. कामाविषयी मात्र एक अक्षर काढत नाही. वर्षाने तिला एका वाचनालयासाठी मातीच्या भिंती हव्या होत्या. ती पुन्हा त्याच्याकडे गेली.

"नको गं," तो म्हणाला. "आता ओळंबा धरायचा, दोरी ताणायची आणि ठोकळे रचायचे, एवढंच बरं वाटतं."

त्याने दुसऱ्या एका गवंड्याचा नंबर कागदावर लिहून दिला. वहिनी दार लावायला उठली होती, म्हणून धाकटीही उठली.