आळ्याची मोटर आणि दोन विद्यापीठं

मित्रांनो, आळे गावच्या शिवारात एका विहिरीच्या काठावर जिच्याजवळ भर दुपारीही कुणी फिरकत नसे, ती जुनी पाण्याची मोटर म्हणजे मी.

सोपानबाबांनी मला नवीकोरी असताना ट्रॅक्टरमधून आणलं. कित्येक उन्हाळे मी कांद्याला आणि उसाला पाणी दिलं. मी तापले का हे पाहायला बाबा रोज माझ्या पाठीवर तळवा ठेवत. ते वारल्यावर त्यांचा मुलगा दादाभाऊही तसंच करू लागला.

बाबांचं वर्षश्राद्ध झालं आणि एका दुपारी, लाईट गेलेली असताना, मी फिरले. मी आपणहून फिरले नाही. कुणीतरी थंडगार बोटांनी माझा मधला दांडा धरून फिरवला होता. काठावर मात्र कुणीच नव्हतं.

दादाभाऊची बायको मंगल भाकरी घेऊन येत होती. ती जागीच थिजली. "मामंजी हायेत," ती पुटपुटली. "हिला कुणी शिवायचं न्हाई."

त्यानंतर असं अनेकदा झालं. दादाभाऊ लांबच्या खोपीतून बटण दाबी, पण माझ्याजवळ येईना. मला फार एकटं वाटे.

त्याच वर्षी त्यांची मुलगी तेजस्विनी बारावी झाली. तिला दोन विद्यापीठांत इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला प्रवेश मिळत होता. एक पुण्याच्या अंगाला, दुसरं नाशिकच्या. फी सारखी, वसतिगृह सारखं, नोकरी लागलेल्या मुलांचे फलकही सारखेच. ती दोन्हीकडे जाऊन आली आणि दोन्हीकडे तिनं माझ्याबद्दल विचारलं.

पहिल्या ठिकाणचे सर हसले. "पाइपच्या तळाची झडप, फूटव्हॉल्व्ह, गळत असेल. पाणी मागे येतं, मोटर उलटी फिरते."

दादाभाऊनं व्हॉल्व्ह बदलला. तरीही लाईट नसताना मी पुन्हा फिरले.

दुसरीकडच्या प्रतिभा मॅडम म्हणाल्या, "मोटर घेऊन या. उघडून बघू."

पिकअपमधून मला नेलं. मॅडमनी मला उघडलं आणि त्यांचा हात थबकला. "आतली तार जळून लोखंडाला टेकलीय. अर्थिंगही तुटलंय. चालू असताना हिला हात लावला असता, तर माणूस जागीच गेला असता."

दादाभाऊनं आपल्या तळव्याकडं पाहिलं. "मी रोज हात लावायचो, मॅडम. ही फिराया लागली म्हनून सोडलं."

माझ्याभोवती ना तार होती, ना पाइप, ना पाण्याचा थेंब. आणि सगळ्यांच्या देखत माझा दांडा सावकाश अर्धा फेरा फिरला.

मॅडमनी वाकून माझ्या चारी बाजू तपासल्या. मग त्या म्हणाल्या, "हे कसं झालं, मला माहीत नाही."

परतताना दादाभाऊ म्हणाला, "पह्यल्या सरांनी लगेच उत्तर दिलं व्हतं. त्येच कॉलेज बरं, न्हाई का?"

"नको, आप्पा," तेजस्विनी म्हणाली. "मला मॅडमकडं शिकायचंय. त्यांना माहीत न्हाई म्हणता येतं."

मी मॅडमच्याच प्रयोगशाळेत राहिले. माझी तार नव्यानं भरली. आता मुलं मला खोलून शिकतात आणि तेजस्विनी माझ्यावरची धूळ पुसते. त्यानंतर मी कधी आपोआप फिरले नाही. मंगल म्हणते, मामंजींचं काम झालं. खरं काय, ते मलाही ठाऊक नाही.

मित्रांनो, यंत्राला शिवण्याआधी लाईट बंद करा, अर्थिंग वेळच्या वेळी तपासा. आणि तुमच्या शिवारातलं एखादं जुनं यंत्र विचित्र वागू लागलं, तर घाईनं भंगारात देऊ नका. आधी ते कुणाला लांब ठेवू पाहतंय, ते बघा.