पाठ आणि भिंत यांच्या मधोमध

मी टेनिसचा चेंडू बोलतोय. हसू नका. खेळायला म्हणूनच मला केलं होतं, पण कारखान्यातच माझी उसळी कमी भरली आणि मी दुकानाच्या टोपलीत स्वस्तातल्या ढिगात जाऊन पडलो. तिथून मला उचललं एका मुद्रितशोधक बाईनं.

छपाईआधी पुस्तकातल्या चुका शोधणं हे तिचं काम. दुसऱ्यांच्या वेलांट्या सरळ करता करता हिची स्वतःची पाठ वाकडी झाली होती. सकाळी टेबलाशी बसली की मान खाली, खांदे पुढे. दुपार झाली तरी जागची हलायची नाही. मग उजव्या खांद्यामागे, पाठीच्या वरच्या भागात अशी कळ यायची की हात वर जाईना.

आणि हात वर जायलाच हवा होता. घरात तिची आई. आजारपणात आईचा डावा हात लुळा पडलेला, त्यामुळे तिची वेणी रोज लेकच घालायची. कमरेपर्यंतचे पांढरेशुभ्र केस! पण आता भांग पाडेपर्यंतच लेकीचा हात खाली यायचा.

"कापून टाकू गं," आई एकदा म्हणाली. "या वयात कुणाला दाखवायचेत?"

म्हणाली खरी, पण त्या दिवशी धड जेवली नाही. लेकीनं नाइलाजानं महिनाअखेरीला केस कापणारीला घरी बोलावलं.

मी आलो तो याच दिवसांत. पहिल्या दिवशी बाईनं मला जमिनीवर ठेवलं, थेट कण्याखाली घेतलं आणि सगळा भार टाकला. केवढ्यानं ओरडली! माझाही जीव कासावीस झाला. मग शहाणी झाली. भिंतीला टेकून उभी राहायची, मला कणा सोडून बाजूला धरायची आणि गुडघे किंचित वाकवून सावकाश वर-खाली व्हायची. दुखऱ्या गाठीवर मी थांबलो की लांब श्वास सोडायची. तो श्वास ऐकून मला धन्य वाटायचं. खोटं कशाला बोलू, शेफारलोच होतो मी.

पण संध्याकाळी कळ पुन्हा हजर. दिवसभर खुर्चीला खिळलेल्या पाठीपुढे माझी काय मात्रा चालणार?

त्याच सुमारास खिडकीपाशी बसणाऱ्या आईला फार तहान लागायला लागली. जरा वेळ गेला की, "पाणी दे गं."

"आई, एक पान पुरं करू देशील तर शपथ!" लेक कुरकुरत उठायची. उठलीच आहे तर खांदे मागे ओढायची, भिंतीपाशी मला भेटायची. हळूहळू ती गाठ सैल पडली. श्रेय अर्थात मी घेतलं.

केस कापणारी यायच्या आदल्या दिवशी लेकीचं लक्ष खिडकीतल्या कुंडीकडे गेलं. पानं पिवळी, मातीचा नुसता चिखल. हातात भरलेला पेला घेऊन ती तशीच उभी राहिली.

"आई, तुला तहान नव्हतीच?"

"तू उठत नव्हतीस ना."

लेकीनं पेला खाली ठेवला. तिनं कंगवा आणला, आईच्या मागे उभी राहिली, भांग पाडला, तिन्ही पेड घट्ट गुंफले. हात एकदाही खाली आला नाही. वेणी पुरी झाल्यावर आई ती कितीतरी वेळ खांद्यावरून पुढे घेऊन कुरवाळत बसली. केस कापणारीला येऊ नका म्हणून कळवलं.

आता माझी लव झडली आहे, मुक्काम आईच्या मांडीवर आहे. कुंडीवर दया म्हणून तिनं पाणी मागणं सोडलंय. त्याऐवजी ती मला हळूच खाली ढकलते.

"चेंडू पडला गं!"

तुम्हीही टेबलाशी बसला असाल आणि घरातलं कुणी उगाचच हाक मारत असेल, तर चिडू नका, उठा. ही बघा, आमची उठली. हसतेय.