आयत्या वेळचा विषय: उंदरांचा मेंदू

साहेब, त्या उंदरांचे मेंदू तुम्ही बिघडवलेत. इंजेक्शनवाल्यांचं म्हणत नाही. ते काम दीपालीचं होतं आणि तिनं ते सांगून-सवरून केलं. मी चांगल्या उंदरांचं बोलतोय.

साखर कारखान्याच्या जोरावर तुम्ही सांगलीजवळ फार्मसी कॉलेज काढलंत. दीपाली तिथं पीएचडी करत होती. निम्म्या उंदरांना इंजेक्शननं मधुमेह करायचा, निम्मे निरोगी ठेवायचे, आणि रक्तात साखर चढली की मेंदूतल्या रसायनांचं काय होतं ते दोन्ही गट ताडून बघायचं. शेवटी उंदीर मारावे लागतात. जैनाच्या घरची पोर. तिचे वडील आदगोंडा मुंगी बघून पाऊल टाकणारे. कितीतरी दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "मारतीस तर मार. पण त्यांच्या जिवावर खोटं लिहू नको."

तेवढ्यात तुमचा अमृतमहोत्सव आला. महिनाभर सगळा स्टाफ जुंपला. दीपालीचा हात चांगला, म्हणून तिला ग्राउंडवर साखरेतून तुमचा चेहरा काढायला बसवलं. मुंग्या लागल्या की पुन्हा काढायचा. मिशीवर मुंग्यांचा फार जीव. त्यातच तुमचा हुकूम सुटला, आवारातलं एकही तोंड गोड झाल्याशिवाय राहता कामा नये. उंदीरखाना सांभाळणाऱ्या धनाजीनं तो जसाच्या तसा पाळला. महिनाभर सगळ्या पिंजऱ्यांच्या बाटल्यांत पाण्याऐवजी तुमच्या साखरेचं सरबत. प्राचार्य सुमंतांनी ते बघितलं, आणि सोहळ्यात मुके जीवही सहभागी झाल्याचा फोटो ग्रुपवर टाकला.

दीपाली प्रयोगशाळेत परत आली. उंदरांची आठवण तपासायच्या तिच्या हौदात पाण्याखाली एक पाट लपवलेला असतो; शिकलेला उंदीर तो आठवून सरळ तिकडं पोहतो. आजारी उंदीर गोल गोल फिरणार, हे तिला माहीत होतं. आता निरोगीही फिरायला लागले. मेंदू तपासले तर आठवणीला लागणारं ॲसिटिलकोलीन आजाऱ्यांत घटलेलं आणि सरबत प्यायलेल्या निरोग्यांतही घटलेलं.

तिनं सुमंतांना सांगितलं की तुलना नासली, सरबताचं लिहावं लागेल. सुमंत म्हणाले, दोन्ही गट सारखेच आलेत ना, मग लिही की साखर चढली तरी मेंदूत फरक पडत नाही. सरबत कशाला मधे आणतेस, साहेबांच्या वाढदिवसाचं होतं ते. तिनं सही करायला नकार दिला. लगेच उंदीरखान्याला नवं कुलूप.

सहीवाचूनच तो निष्कर्ष कारखान्याच्या वार्षिक सभेत आला. ताळेबंद मंजूर झाला, लेखापरीक्षक मंजूर झाले, आणि आयत्या वेळचा विषय म्हणून तुम्ही स्वतः वाचलात: आपल्याच संशोधनानं सिद्ध झालंय, साखरेचा आणि मेंदूचा काही संबंध नाही. मांडव ओरडला, मंजूर, मंजूर. निम्म्यांना विषय कळला नव्हता, उरलेल्यांना जेवणाची घाई होती. अनुमोदन एका डॉक्टरनं दिलं. मेंदूचं रसायनशास्त्र आरडाओरड्यानं पास करून घेणारे जगात तुम्हीच पहिले असाल.

आदगोंडा उठले. सभासद म्हणून माईक मागून घेतला.

"आवं साहेब, चांगल्या उंदरास्नी सरबत कुणी पाजलं, ते कागदात का न्हाई?"

शेजारच्या आप्पासोनं त्यांचा सदरा ओढला. "बस की आण्णा. उंदरास्नी बी सभासद करतोस व्हय?"

मांडव हसला.

"करा की," आदगोंडा म्हणाले. "ते बी तुमचीच साखर खाऊन गप बसल्यात."

त्यांनी माईक आणखी जवळ घेतला. "पोरीनं जीव घेतलं. मी गिळलं, का तर खरं काय ते भायेर येईल. तुमी खोटं मंजूर करून घेतलासा. मग ते जीव कशापायी गेलं?"

माईक बंद झाला. तुम्ही आभारप्रदर्शन सुरू करायला लावलंत आणि खाली मान घालून कागद आवरत बसलात.

साहेब, आदगोंडांना उत्तर पाहिजे. दीपालीला पाहिजे. ते जीव कशापायी गेले? मांडवाला विचारू नका, तो मंजूर म्हणेल. तुम्ही सांगा.