फाटकावर टांगलेला लग्नाचा पाट

"मामा, घर एवढं आवडतं, तर घेत का नाही हो?"

कनकाने हा प्रश्न विचारला तेव्हा मी तिच्या डोक्यावरच टांगलेला होतो. तिच्या वर्गातल्या कुमुदिनीने डिवचलं होतं, "लोक येतात, कॉफी पितात नि पळतात. हिंमत असेल तर कारण विचार!" पंधरा वर्षांच्या कनकाला हिंमत नाही म्हणायचं? मग झालंच!

पण मित्रांनो, आधी माझी ओळख सांगतो. माझ्यावर तमिळ आणि इंग्रजीत 'घर विकणे आहे' असं लिहिलंय, म्हणून तुम्ही मला फळा समजाल. खरा मी पाट आहे, फणसाच्या लाकडाचा. तंजावूरच्या सुताराने मला सीतालक्ष्मीच्या लग्नासाठी घडवलं आणि चारी कोपऱ्यांत पितळी फुलं ठोकली. माझ्यावर बसलेली ती तेरा वर्षांची नवरी बोटांनी माझी फुलंच मोजत होती. केवढा मान होता तेव्हा माझा!

पाच वर्षांनी ती विधवा होऊन वडिलांच्या घरी परतली, इथे मद्रासला, एग्मोर स्टेशनच्या मागच्या गल्लीत. मला बरोबर आणलं, पण "पाट नको मला आता" म्हणाली. सगळ्यांची जेवणं झाली की एकटीच जमिनीवर बसायची. मी स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून उभा. एक नाही, दोन नाही, अठ्ठावीस वर्षं! तरी दर शुक्रवारी ती माझी फुलं चिंचेने घासायची. तेवढंच माझं सुख.

गेल्या वर्षी वडील वारले. यंदा तिच्या धाकट्या भावाची, म्हणजे कनकाच्या अप्पांची, रेल्वेत तिरुचीला बदली झाली. जूनच्या आत घर विकायचं ठरलं. व्यासराजअप्पा माणूस चांगला, पण घाईचा. "हा पाट घ्या, यावर कोण बसतंय?" असं म्हणून त्यांनी मला सुब्बा रंगाऱ्याच्या हाती दिलं. सुब्बाने मला भोकं पाडली, पांढरा रंग फासला. फुलंसुद्धा बुजली हो! सीतालक्ष्मी, म्हणजे कनकाची आत्या, दारात उभी राहून बघत होती.

मग गिऱ्हाइकं आली. एकाला विहिरीचं पाणी खारट लागलं. दुसऱ्याला दरवाजाची दिशा चुकीची वाटली. तिसरे नारायणस्वामी, आमच्यातलेच, तंजावूरकडचे. तीनदा आले, भिंती ठोकून पाहिल्या, तरी होकार देईनात. त्यांनाच कनकाने फाटकात गाठलं.

ते इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "पोरी, तुझ्या अप्पांना कसं सांगू? घर तुझ्या आजोबांच्या नावावर. नव्या कायद्याने मुलीचाही वाटा आहे. वकील म्हणतात, सीतालक्ष्मीअम्मांची सही नसेल तर घराला हात लावू नका. पण 'बहिणीची सही आणा' म्हटलं, तर अप्पांना वाटेल आम्ही भावाबहिणीत संशय घालतोय. म्हणून सगळे विहिरीवर ढकलतात."

"एवढंच?" कनका म्हणाली. आणि टुणकन उडी मारून तिने मला फाटकावरून काढलं! काखोटीला मारून थेट स्वयंपाकघरात.

अप्पा, अम्मा, आत्या तिघंही तिथेच होते. नारायणस्वामी म्हणाले ते तिने एका दमात सांगितलं. अप्पा चिडले. "अक्काची सही? ती काय परकी आहे, तिला विचारायला?"

"परकी नाही, म्हणूनच विचारायचं ना, अप्पा!"

आत्या चूल सारखी करत म्हणाली, "सही करते की रे व्यासा. कधीही. फक्त मला कुठे ठेवणार, तेवढं सांग. कुंभकोणमला दिरांकडे ना? ट्रंक भरून ठेवलीय मी."

अप्पा तिच्याकडे वळले. "कुंभकोणम? अक्का, तू आमच्याबरोबर तिरुचीला येणार. हे काय सांगायला हवं?"

"कोणी सांगितलं नाही," आत्या म्हणाली. अम्माने पदर डोळ्यांना लावला.

मित्रांनो, मी लाकूडच. पण एक मागणं मागतो. फाटकावर फळा लावण्याआधी घरात एक फेरी मारा. शेवटच्या खोलीतल्या माणसालाही विचारा. आपल्या माणसाला काय विचारायचं, असं म्हणून गप्प बसलात, की ते माणूस गुपचूप ट्रंक भरतं.

कनकाने माझ्या एका कोपऱ्यावरचा रंग चमच्याने खरवडला, मग चिंच घेऊन तो खसाखसा घासला. रंगाखालून पितळी फूल चमकलं. तिने मला पंगतीत, आपल्या जागेशेजारी मांडलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अप्पा, अम्मा, माझं ठरलंय. तिरुचीला आत्या माझ्या खोलीत राहणार. आणि आजपासून ती या पाटावर, माझ्या शेजारी बसून जेवणार. ती बसेपर्यंत मी घास उचलणार नाही!"