कस्तुराची अर्धी शीळ

दौलत साळवींना अख्खी सोसायटी 'पक्षीवाले साळवी' म्हणायची, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते मनातून फार आवडायचं. डोंबिवली एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीतून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती. दर रविवारी सकाळी सहाला पक्षी बघायला निघणारा मानपाड्याचा ग्रुप तेव्हापासून त्यांच्याच धाकात चालत होता. भडक कपडे नकोत, गप्पा नकोत, आणि मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलवायचं तर नावच काढायचं नाही. पक्ष्याला वाटतं, दुसरा कुणी आपल्या हद्दीत घुसला. बिचारा खाणंपिणं सोडून भांडायला धावतो. साळवी हे इतक्यांदा सांगत, की नवी माणसं दुसऱ्याच रविवारी ते पाठ म्हणून दाखवत.

तीन वर्षांपूर्वी सुश्रुतने, म्हणजे बँकेत नोकरी करणाऱ्या तिशीतल्या एका सभासदाने, नवरंग पक्षी दिसावा म्हणून त्याचा आवाज वाजवला होता. साळवींनी सगळ्यांसमोर त्याची खरडपट्टी काढली आणि वर्षभर यायचं नाही म्हणून बजावलं. तो मान खाली घालून निघून गेला. वर्ष झाल्यावर परत आला आणि आता फेरीची सगळी व्यवस्था तोच बघायचा. बघा, माणूस असा घडतो, असं साळवींना वाटे.

आणि हेच साळवी नोव्हेंबरपासून रोज सकाळी घरच्या गॅलरीत उभे राहून काय करत होते?

त्याचं असं झालं. मागे माथेरानला त्यांनी शीळकरी कस्तूर या डोंगरातल्या पक्ष्याची शीळ मोबाईलवर टिपली होती. रानातून कुणी उनाड माणूस मजेत शीळ घालत चाललाय असं वाटावं, इतकी गोड. पण अकरा सेकंद झाले आणि "जेवलात का?" विचारायला त्यांच्या बायकोचा, मालनताईंचा फोन आला. रेकॉर्डिंग भर सुरात तुटलं. हिवाळ्यात एखादा कस्तूर डोंगर उतरून खाली येतो, हे साळवी ऐकून होते. म्हणून समोरच्या मोकळ्या प्लॉटकडे मोबाईल धरून ते ती शीळ वाजवायचे. आपल्या घरात वाजवलं तर नियम मोडत नाही, अशी त्यांनी सोयीस्कर समजूत करून घेतली होती.

कस्तूर काही आला नाही. फेब्रुवारीत मात्र ग्रुपमधल्या मेघनाने त्या प्लॉटजवळून ऑफिसला जाताना एक शीळ टिपली आणि ग्रुपवर टाकली. "काका, कस्तूर ना हा?" तिने विचारलं. साळवींनी एकदाच ऐकलं आणि "शंकाच नाही" असं लिहून मोकळे झाले. त्या रविवारी नौपाड्यातून आणि कल्याणहूनही माणसं यायचं ठरलं.

शुक्रवारी सकाळी साळवी कानात प्राण आणून गॅलरीत बसले. मोबाईल आत चार्जिंगला होता. समोरच्या बाभळीवरून शीळ आली आणि ते हरखले.

"अहो, हे तुमचंच," मालनताई कोथिंबीर निवडता निवडता म्हणाल्या.

"माझं काय? मोबाईल आत आहे."

"असू दे. पण बघा, तिथंच तुटतंय. माझा फोन आलेला ना, तिथं."

साळवींनी दुर्बीण लावली. बाभळीच्या काट्याला एक टोळ टोचून ठेवलेला होता आणि त्याच्या शेजारी नकल्या खाटीक बसला होता. राखाडी डोकं, डोळ्यांवरून काळी पट्टी, आकड्यासारखी चोच. मारलेली शिकार हा काट्याला अडकवून ठेवतो आणि गातो ते बरंचसं दुसऱ्यांचं: टिटवीचं, खारीचं, कुत्र्याच्या पिल्लाचंसुद्धा. त्याने चोच उघडली, कस्तुराची शीळ घातली आणि भर सुरात थांबला. साळवींनी दुर्बीण खाली घेतली.

खाटकाला कस्तुराची शीळ शिकवणारा डोंबिवलीत एकच मास्तर होता.

"रविवारी सांगाल ना?" मालनताईंनी विचारलं.

"बघू."

"चाळीस वर्षं तुमचं 'बघू' ऐकतेय मी."

गप्प राहणं सोपं होतं. पक्षी तर नकल्याच. शीळ कुठे शिकला, हे कोण विचारणार? नाव शाबूत राहिलं असतं. दोन रात्री त्यांनी नुसती कूस बदलत काढल्या.

रविवारी प्लॉटच्या कडेला तीसेक माणसं जमली. बाभळीवर खाटकाने शीळ घातली, दुर्बिणी वळल्या, आणि मेघना हिरमुसून म्हणाली, "शी, हा तर नकल्या. पण मग हा शिकला कुठून? म्हणजे कस्तूर येऊन गेला असणार, काका."

ही तर आयती पळवाट होती. सगळे साळवींकडे बघत राहिले.

"नाही आला," साळवी म्हणाले. त्यांनी मोबाईल काढला आणि रेकॉर्डिंग वाजवलं. ते तुटलं, तसा बाभळीवरून खाटकाने सूर धरला आणि तोही तिथंच तुटला. कुणीतरी हसलं. "चार महिने मी रोज वाजवतोय. गॅलरीतून. सुश्रुतला जो नियम लावला, तोच मला. मी वर्षभर येणार नाही."

"नको, काका," सुश्रुत हळूच म्हणाला.

"का? शिक्षा ती शिक्षा."

"ते वर्ष कसं जातं ते मला माहितीय. सवयीने पाचला जाग यायची. बूटबीट घालून बसायचो. मग आठवायचं, आपल्याला कुठं जायचंय. बायकोला सांगितलेलं, ग्रुप बंद पडलाय म्हणून. खरं सांगायची लाज वाटायची." तो हे तक्रारीच्या सुरात म्हणत नव्हता, आणि तेच साळवींना जास्त लागलं. इतक्या रविवारी बरोबर चालून त्यांनी त्याला त्या वर्षाबद्दल एकदाही विचारलं नव्हतं.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

"जाऊ द्या ना काका, एका शिळेने काय होतंय."

"शिळेचं नाही म्हणत मी," साळवी म्हणाले. "तुझं म्हणतोय."

सुश्रुतने मान हलवली आणि बराच वेळ उगाच दुर्बिणीची काच पुसत राहिला.