अण्णा परत येतात

माकणीच्या धरणाचं पाणी उन्हाळ्यात मागं सरलं की भेगाळलेला गाळ उघडा पडतो. तो गाळ म्हणजे गोरोबाचा परग्रह. लोहाऱ्यात फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या या गृहस्थानं तिथं ‘तांबडा ग्रह’ नावाचे तीन सिनेमे काढले. ठिबकच्या नळ्या, पत्र्याची टाकी आणि मोटारसायकलची हेल्मेटं, एवढ्यावर त्याचं यान उडायचं. लोक हसायला म्हणून यायचे आणि अण्णांसाठी शेवटपर्यंत बसून राहायचे. अण्णा म्हणजे यानाचे कप्तान. ते काम करायचे गावातले शेतकरी बब्रुवान, गोरोबानंच अभिनय शिकवलेले, डोक्याला रुमाल, हातात बॅटरी. तिसऱ्या भागात यानातल्या पोरांना घरी पाठवण्यासाठी अण्णा बाहेरून दार लावतात आणि त्या ग्रहावरच मरतात. तो शेवट उभा करायला गोरोबानं आधीचे दोन सिनेमे खर्ची घातले होते. शाळेच्या मैदानावर त्या दिवशी हजार माणसं मुसमुसली, आणि त्यातला एकही थेंब फुकटचा नव्हता.

गेल्या पौषात बब्रुवान खरोखरच गेले. बांधावर टेकले ते उठलेच नाहीत.

गोरोबाचा भागीदार रणधीर. कॅमेरा त्याचा, चॅनलही त्याचंच. त्यानं कुणाला न विचारता चौथ्या भागाचं पोस्टर फोनवरून गावभर सोडलं: रुमाल, बॅटरी आणि खाली ठळक अक्षरांत ‘अण्णा परत येतात’. गेलेल्या माणसाचा चेहरा आता संगणकावर हलवता येतो, आवाजही काढता येतो.

“आरं, पण अण्णा मेलेत सिनेमात,” गोरोबा म्हणाला. “परत आले कसे, ते तरी सांगावं लागंल का न्हाय?”

“पब्लिकला ‘कसे’ नको असतंय, लेका. रुमाल दिसला की शिट्टी, बॅटरी पेटली की टाळी, अण्णा बोलले की रडं. तू फकस्त डायलॉग लिही.”

पोस्टर येरमाळ्यापासून तुळजापूरपर्यंत फिरलं. जो भेटेल तो गोरोबाचा हात धरून विचारायचा, अण्णांना आणताय ना? नाही म्हणावं तर गावाशी वैर, आणि हो म्हणावं तर त्या तिसऱ्या भागावर स्वतःच्याच हातानं पाणी फिरवायचं. तो पुरता कोंडीत सापडला होता. सुटायला एकच वाट दिसत होती, लक्ष्मीबाई. बब्रुवानच्या बायकोनं नको म्हटलं, तर रणधीरची काय बिशाद होती!

ती ओसरीवर तूर पाखडत बसली होती. गोरोबानं सगळं सांगितलं आणि जवळजवळ विनवणीच केली, “काकू, नको वाटत असंल तर सरळ नको म्हणा. मला राग न्हाय.”

तिचं सूप थांबलं. “आवाज त्यांचाच निघंल का?”

“व्हय.”

“मग काढ की, बाबा. चार महिने झालं, घरात आवाज न्हाय.”

झालं, तीही वाट बंद झाली. गोरोबा लिहायला बसला आणि लिहिता लिहिता त्यातच रमला, हे कबूल केलंच पाहिजे. यानाच्या दारात अण्णा उभे राहतात, थेट समोर बघतात आणि म्हणतात, “लक्ष्मी, तू होतीस म्हणून मी होतो.” आता सिनेमात लक्ष्मी नावाचं कुणीच नव्हतं. रणधीरनंही नाव घाल म्हणून सांगितलं नव्हतं. हे डोकं गोरोबाचंच. काकूंना तेवढंच बरं वाटेल, असं त्यानं मनाची समजूत घातली. मैदान ढसाढसा रडेल हेही त्याला पक्कं ठाऊक होतं, पण त्याबद्दल तो मनाशी काही बोलला नाही.

मैदान रडलं. शिट्ट्या झाल्या, टाळ्या झाल्या आणि ते वाक्य आल्यावर सगळ्या माना पहिल्या रांगेतल्या लक्ष्मीबाईकडं वळल्या. ती हात मांडीवर ठेवून, एसटीची वाट बघावी तशी पडद्याकडं बघत होती.

चार दिवस गोरोबाचे पाय तिच्या घराकडं वळेनात. पाचव्या दिवशी दुपारी तो गेला. तिनं पाणी दिलं, चहा टाकला. रागाचा एक शब्द नाही.

“तेहतीस वर्सं संसार केला,” ती म्हणाली. “पर नावानं एकदा हाक मारली न्हाय त्यांनी. भाकर पायजे, ‘अगं ए’. पोटात कळ आली, ‘अगं ए’. ते ‘अगं ए’च ऐकाया आले व्हते मी. ते माझ्याशी न्हाय बोलले, गोरोबा. लोकांशी बोलले.”

गोरोबाला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. “काढून टाकतो, काकू. आजच.”

“कुठनं कुठनं काढशील?”

तेवढा तुकडा कापून लोकांनी घरोघरी पाठवला होता. तेवढ्यात शेजारची अयोध्या एका पाहुणीला घेऊन आत आली.

“मामी, ह्या आमच्या मावशी. तुमास्नी बघायचं म्हणल्या.” आणि बसायच्या आधीच तिनं फोन पुढं धरून ते वाक्य लावलं.

बब्रुवानचा आवाज ओसरीत घुमला. दोघी फोनकडं बघतच नव्हत्या, त्या लक्ष्मीबाईच्या तोंडाकडं टक लावून होत्या. लक्ष्मीबाईनं सावकाश पदर उचलून डोळ्यांना लावला. खांदे हलायला लागले, बारीक हुंदका आला. मावशीही रडायला लागल्या.

“बघा दादा, किती जीव व्हता दोघांचा,” अयोध्या गोरोबाला म्हणाली. “तुमच्यामुळं कळलं सगळ्यांला.”

मन भरल्यावर दोघी गेल्या. लक्ष्मीबाईनं पदर खाली घेतला. डोळे कोरडे ठणठणीत होते.

“रोज चार-पाच जणी येत्यात,” ती म्हणाली. “त्या दिशी मैदानात रडले न्हाय, तर गावात बोलणं झालं, हिला नवऱ्याची माया नव्हती म्हणून. मग आता रडते.”

गोरोबाची मान वर होईना. तिनं चहाचा कप त्याच्यापुढं सरकवला आणि अगदी साधेपणानं विचारलं,

“तू तर शिकवतूस सगळ्यांला. जमलं का रं मला?”