पाठीवरची पाटी

मित्रांनो, मी चाकांची एक जुनी खुर्ची आहे. 'जुनी' हा शब्द मी तक्रारीच्या सुरात उच्चारत नाही. माझे उजवे चाक कुरकुरते आणि हातांवरचे रेक्झिन फाटले आहे, इतकाच त्याचा अर्थ.

कारखान्यातील माझ्या घडणीविषयी सांगण्यासारखे थोडेच आहे. खरे आयुष्य सुरू झाले ते कळमनुरीत. तेथील एका नागरी सेवा क्लबने रुग्णोपयोगी साहित्य विनामूल्य वापरायला देण्याचा उपक्रम हाती घेतला होता. मला भेट दिले क्लबच्या सचिव शिलाताईंनी. त्यांच्या आईने शेवटची दोन वर्षे खाटेवर पडून, खिडकीकडे पाहत काढली होती. म्हणून माझ्या पाठीला पत्र्याची एक पाटी पक्की वेल्डिंग करून बसवली गेली आणि तिच्यावर लाल अक्षरे उमटली : 'कै. गयाबाई यांच्या स्मरणार्थ'. फीत कापली गेली, टाळ्या झाल्या. छायाचित्र चांगले यावे म्हणून प्लास्टिकचे वेष्टन मात्र काढले नाही, त्यामुळे त्या दिवशी माझ्यावर कोणी बसलेच नाही.

पुढील चार वर्षे मी मन लावून राबले. पाय मोडलेला टेम्पोचालक, शस्त्रक्रिया झालेल्या एक शिक्षिका, असे अनेक जण माझ्यावर बसले आणि बरे होऊन उठले. परत करताना लोक मला पुसून आणीत. ती अक्षरे कोणालाही खुपली नाहीत.

मग गेल्या वर्षी मी सिद्धेश्वरजवळच्या एका गावात दगडोबांच्या घरी आले. उभा जन्म मेंढ्यांमागे चाललेला हा माणूस उतारावरून घसरला आणि त्याचे खुब्याचे हाड मोडले. त्या घराचा एक शिरस्ता होता. कळप चाऱ्यासाठी परगावी निघाला, की वडीलधाऱ्याने मेंढवाड्यावर जाऊन म्होरक्या मेंढ्याच्या कपाळी भंडारा लावायचा. चाळीस वर्षे तो मान दगडोबांचा होता. त्या वर्षी त्यांना जाता आले नसते, तर मुलगा प्रभू लावणार होता. तसे झाले असते, तर आपण मेल्यात जमा झालो, असेच दगडोबांनी मानले असते. म्हणूनच त्यांच्या पत्नी चंद्रभागाबाईंनी मला मागवून घेतले.

पहिल्याच दिवशी प्रभूने दगडोबांना पारापर्यंत नेले. तेथे बालमित्र पुंजाजी बसले होते. त्यांनी माझी पाठ वाचली आणि म्हणाले, "दगडोबा, आजून जित्ता हाईस, अन् पाटी आधीच लागली व्हय?"

सगळे हसले. दगडोबाही हसले. घरी येताच मात्र खाली उतरले, ते पुन्हा बसेनात. गेलेल्या माणसाचे नाव पाठीला घेऊन आपण भंडारा लावला आणि कळपाला काही झाले तर, एवढे एकच ते बोलत. माझ्यावर मिरच्या वाळू लागल्या. पाय ठेवायच्या फळीवर कोंबडी बसू लागली.

कळप निघायला दोन दिवस उरले असताना शिलाताई पाहणीसाठी आल्या. वापरात नसलेली वस्तू परत न्यायची, असा क्लबचा नियम, आणि आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावात एक मुलगी खुर्चीची वाट पाहत होती. मिरच्या पाहून त्यांचा चेहरा उतरला. कारण कळल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "ते माझ्या आईचं नाव आहे."

येथे मी शिलाताईंची बाजू मांडल्यावाचून पुढे जाणार नाही. आईचे नाव कोठेतरी टिकावे असे वाटणे, याला गर्व म्हणता येत नाही. परंतु चंद्रभागाबाईंचेही म्हणणे खोडून काढता येण्यासारखे नव्हते. चहाचा कप पुढे ठेवून त्या म्हणाल्या, "बाई, तुमची माय खाटंवर राहिली म्हणून तुमी ही खुर्ची दिली. अन् आता तिच्याच नावापायी माझा माणूस खाटंवर पडून राहिला."

शिलाताईंनी चहा संपवला आणि खरवडायला काहीतरी मागितले. प्रभूने लोकर कातरायची कातर आणून दिली. तो पुढे सरसावला, पण त्यांनी त्याला हात लावू दिला नाही. लाल रंग चिवट होता. एकेक अक्षर त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवले. 'गयाबाई' या शब्दापाशी त्या जरा थांबल्या, मग तोही खरवडला. मला तेथेच ठेवून त्या गेल्या. गोरेगावच्या मुलीसाठी त्यांनी दुसरी खुर्ची मिळवली.

कळप निघायच्या दिवशी दगडोबा माझ्यावर बसले. पारापाशी पुंजाजी उठले आणि प्रभूला बाजूला सारून स्वतः मला ढकलू लागले.

"हळू," दगडोबा म्हणाले. "पाडशील, अन् खरीच पाटी लावाया लावशील."

मेंढवाड्यावर म्होरक्या मेंढा त्यांच्यापुढे आणला गेला. दगडोबांनी वाकून त्याच्या कपाळी भंडारा लावला. मेंढ्याने नेहमीसारखी मान झटकली आणि तो चालू लागला. त्याच्यामागून सगळा कळप माझ्या दोन्ही चाकांना घासत निघून गेला.

मित्रांनो, आज क्लबच्या वस्तूंवर केवळ क्रमांक असतो. तुम्हीही मोठे झाल्यावर कोणाला काही द्याल. माझ्यासारखीला वापरून झाल्यावर पुसून, वेळेवर परत करा, ही माझी साधी विनंती. दुसरी थोडी अवघड आहे. दिलेल्या खुर्चीवर आपण स्वतः बसून राहू नका. आपल्या माणसाचे नावसुद्धा तेथे बसवून ठेवू नका. उठा, आणि ज्याला गरज आहे त्याला जागा द्या.